फाटकाशी टेबल मांडू का?

पत्र

नमस्कार ताई,

गंगापूर रोडलगतच्या एका जुन्या कॉलनीत आमचा छोटा बंगला आहे. माझं वय 58. मिस्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. मागच्या अंगणात मी हौसेनं बाग केली आहे. मोगरा, जास्वंद, शेवंती, देशी गुलाब, कढीपत्ता, अळू, गवती चहा, लिंबू, शेवगा. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे निम्म्याहून जास्त वाटण्यातच जातं. पहाटे फिरायला येणारे कुंपणावरून जास्वंद तोडून नेतात ती वेगळीच. आता वाटतं, फाटकाशी टेबल मांडून थोडी फुलं, थोडी भाजी विकावी. मिस्टर म्हणतात, "पेन्शन पुरत नाही असं लोकांना वाटेल." सूनबाई पुण्याहून सांगते, इन्स्टाग्रामवर टाका. आमच्या कोपऱ्यावर एक मावशी वर्षानुवर्षं फुलं घेऊन बसतात. त्यांच्या पोटावर पाय येईल का, ही टोचणी आहेच. आणि ज्यांना आजवर फुकट दिलं त्यांच्याकडे पैसे कसे मागायचे? महापालिकेची परवानगी लागते का? भाव कसा लावू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, टेबल मांडा. पण मांडण्याआधी कोपऱ्यावरच्या मावशींकडे जाऊन या. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. तो सुटला की भाव, माल, वेळ हे बाकीचे प्रश्न निम्मे आपोआप सुटतात.

मावशींचा दिवस कसा असतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. उजाडायच्या आत पंचवटीत गणेशवाडीचा फुलबाजार गाठायचा, घासाघीस करून माल घ्यायचा, रिक्षाला पैसे द्यायचे, परत येऊन पुड्या बांधायच्या. पाऊस आला आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर उरलेला माल त्यांच्या अंगावर. तुम्हाला यातला एकही खर्च नाही. उद्या तुम्ही "घरचंच तर आहे" म्हणून निम्म्या भावात पुडी ठेवलीत, तर तुमच्याकडे येणाऱ्या चार गिऱ्हाइकांनी मावशींचं फारसं बिघडणार नाही. बिघडेल ते उरलेल्या चाळिसांमुळे. ते मावशींना म्हणतील, "त्या बंगल्यातल्या बाई तर पाच रुपयांत देतात." पोटावर पाय येतो तो असा, भावातून.

म्हणून पहिला नियम: मावशींच्या भावाच्या खाली एक रुपयाही जायचं नाही. दोन रुपये वर असलात तरी हरकत नाही, ताजा माल आहे.

दुसरा नियम: मावशी जे विकतात ते तुमच्या टेबलावर नको. ते मावशींनाच घाऊक द्या. तुमचा मोगरा त्यांना हवाच असणार. बाजारातला मोगरा त्यांच्या हाती येईपर्यंत बराच प्रवास झालेला असतो, तुमचा झाडावरून थेट. भाव रोजचा रोज त्यांनाच विचारा. बाजार त्यांना कळतो, लग्नसराईत तो कसा उडतो आणि पितृपक्षात कसा बसतो हे त्या तुम्हाला शिकवतील. पैसे रोखीनं, त्याच दिवशी. उधारी ठेवली की शेजारपणात खडा पडतो. आणि त्या नाही म्हणाल्या तर आग्रह नको. मग मोगऱ्याचे गजरे फक्त आदल्या दिवशी सांगणाऱ्यांनाच करून द्या.

मोगऱ्याबद्दल एक सांगते, कारण यात पुष्कळांचा माल वाया जातो. कळी तोडायची ती सकाळी लवकर, पांढरी होऊन टम्म फुगलेली पण मिटलेली. बुडाशी हिरवट झाक असेल तर ती कच्ची, संध्याकाळी उमलत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगतं. तोडलेल्या कळ्या ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून सावलीत ठेवा. वर पाणी मारत बसू नका, कळ्या काळ्या पडतात. पुढच्या हंगामासाठी आत्ताच लक्षात ठेवा: डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं, जानेवारीत छाटणी करायची, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवरच येते. छाटायला जीव होत नाही म्हणून झाड तसंच ठेवणाऱ्यांच्या दारात पानांचाच पसारा दिसतो.

मग टेबलावर काय ठेवायचं? जे बाजारात मिळत नाही किंवा मिळालं तरी नीट मिळत नाही, ते. नाशिकला भाजीचा तुटवडा कधीच नव्हता. पंचवटीत मार्केट यार्ड आहे, गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. मखमलाबाद-गिरणाऱ्याकडची कोथिंबीर आणि मेथी दारावर येते. तिथे तुम्ही परसातल्या चार वाफ्यांतून मेथी काढून कोणाशी टक्कर देणार? पण वडीची अळूची पानं बघा. काळ्या देठाची, न फाटलेली, एकसारखी दहा पानं बाजारात शोधून दाखवा! गड्डीत तीन मोठी, सात चिंधड्या झालेली, हाच अनुभव. तुम्ही तीच सकाळी कापून, मोठ्यावर लहान अशी रचून, दोऱ्यानं बांधून ठेवलीत तर वड्या करणारी बाई पाच रुपये जास्त आनंदानं देईल. गवती चहाचं तेच. पाऊस लागला की प्रत्येकाला हवा असतो, आणि चार पातींसाठी कोणी मंडईत जात नाही. शेवग्याचा कोवळा पाला, कढीपत्त्याच्या डहाळ्या, लिंबं. एवढं पुरे.

सगळ्यात मोठी संधी मात्र सणांची आहे, आणि तीही झेंडूची नव्हे. दसऱ्यासाठी झेंडू लावायचा मोह तुम्हाला होईल, तो टाळा. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून शहराच्या प्रत्येक चौकात झेंडूचे टेम्पो लागतात, कॅरेटच्या कॅरेट रस्त्यावर ओतलेली असतात. सकाळचा भाव दुपारी राहत नाही आणि संध्याकाळी शेतकरी माल तिथेच टाकून जातो. त्या दिवशी फाटकाशी झेंडू घेऊन बसण्यापेक्षा आरामात श्रीखंड खा.

तुमची बाग खरी कामाला येते ती ऋषीपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं चालत नाही, असा रिवाज. म्हणजे परसातलंच हवं: अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भोपळा, अंबाडी, सुरण, मक्याचं कणीस. आता कॉलनीत कोणाच्या घरी परसू उरलंय? बाया बाजारातून "ऋषीची भाजी" म्हणून वाटा आणतात आणि मनाची समजूत घालतात. तुमच्याकडे ती खरोखर हातानं खणलेल्या मातीतली आहे. प्रत्येक भाजीची मूठ मूठ घालून घरापुरता एक वाटा, असे मोजके वाटे आदल्या दिवशी, म्हणजे गणेश चतुर्थीलाच तयार ठेवा. आधी सांगून ठेवणाऱ्यांचे बाजूला काढा. माठ आणि भेंडी अजून लावली नसेल तर आता लावून टाका. आषाढातला माठ महिन्याभरात खुडायला येतो, तेव्हा गणपतीच्या बेतानं दुसरा वाफाही टाका.

त्याआधी श्रावण आहे. शुक्रवारी जिवतीला आघाडा आणि दुर्वांची माळ लागते, मंगळागौरीला पत्री लागते, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. आघाडा तुम्ही इतकी वर्षं तण म्हणून उपटून टाकत असाल. यंदा कुंपणाकडेचा राखून ठेवा. दुर्वा कोवळ्या, तीन किंवा पाच पात्यांच्या, 21 ची जुडी. हे काम निवडीचं आहे, मेहनतीचं आहे, आणि त्याच मेहनतीचे पैसे घ्यायचे आहेत. मिस्टरांना दुर्वा निवडायला बसवा. निवृत्त माणसाच्या हाताला असं काम बरं असतं. जुडी मोजून बांधताना वर्तमानपत्रही वाचून होतं.

एक मोह इथेच मोडून काढते. संकष्टीला आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला जाणारी गर्दी, श्रावणी सोमवारी सोमेश्वराकडे जाणाऱ्या गाड्या तुमच्या जवळूनच जातात, तेव्हा मेन रोडवर बसावं असं कोणीतरी सुचवेलच. नको. देवळापाशी बसणाऱ्यांचा तो वर्षाचा धंदा आहे, आणि तुमचं गिऱ्हाईक कॉलनीतलंच बरं. उद्या तक्रार असली तर ते दारात येऊन सांगेल.

आता परवानगी. तुमच्या कंपाउंडच्या आत, तुमच्या जागेत, तुमच्याच बागेतलं विकायला सहसा फेरीवाल्याचा परवाना लागत नाही. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे तो मुख्यतः रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवर बसणाऱ्यांसाठी. तिथे महापालिकेची नोंदणी, विक्री प्रमाणपत्र, ठरवून दिलेलं फेरीवाला क्षेत्र हे सगळं येतं. म्हणून टेबलाचे चारही पाय, छत्री आणि पाटी फाटकाच्या आत. एक पाय जरी फुटपाथवर गेला तरी अतिक्रमणवाल्यांच्या गाडीला निमित्त मिळतं आणि शेजारच्या एखाद्या तक्रारखोरालाही. स्कूटर आडव्या लागणार नाहीत याकडेही लक्ष द्या. बाजार समितीचा धाक तर सोडूनच द्या. 2016 साली राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्याच वर्षी शेतकऱ्यांना थेट गिऱ्हाइकाला विकता यावं म्हणून संत सावता माळींच्या नावानं आठवडे बाजारही सुरू झाले. मात्र लिंबाचं लोणचं, गुलकंद असं काही करून विकायचं ठरवलंत तर अन्न परवान्याची नोंदणी आधी करा. ती सोपी आहे, छोट्या विक्रेत्यांसाठी वेगळी आहे, ऑनलाइन होते. आणि फवारलेल्या गुलाबाचा गुलकंद तर बिलकूल करू नका. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर छापलेलं असतं, भाजीसाठीही तेच पाळा. पाटीवर "सेंद्रिय" लिहू नका, "घरची" लिहा. ते खरं आहे आणि त्याचा पुरावा कुंपणातून दिसतो.

तराजूच्या भानगडीत पडू नका. स्वयंपाकघरातला वजनकाटा व्यापाराला चालत नाही. वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का असलेला काटा लागतो, इलेक्ट्रॉनिक असेल तर दर वर्षी नव्यानं. जुडी, वाटा, नग, डहाळी या हिशेबात तुमचं सगळं बसतं. पिशव्याही ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे आणि पहिल्याच वेळी 5,000 रुपये दंड आहे. एवढ्यात तुमचं वर्षाचं शेणखत येईल. फुलं केळीच्या पानात, भाजी दोऱ्यानं बांधून.

मिस्टरांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांची भीती खोटी नाही, चार लोक बोलतीलच. पण त्यांना एवढंच विचारा: फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-निफाडचे बागायतदार स्वतःची पिकअप रस्त्याकडेला लावून द्राक्षाच्या पेट्या विकतात, त्यांचे बंगले आपल्यापेक्षा मोठे असतात. त्यांच्याकडून पेटी घेताना "यांना पुरत नाही वाटतं" असं मिस्टरांच्या मनात कधी आलं का? पिकवणारा माणूस विकणारच. आपल्याकडे नोकरदारांच्या कॉलनीत विकणं म्हणजे खालची पायरी असं कुठेतरी डोक्यात बसलंय. दोन पिढ्यांपूर्वी आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी कोणीतरी होतीच. तरी मिस्टरांनी टेबलापाशी बसावं असा हट्ट धरू नका. त्यांना दुसरं काम द्या, आणि ते तुमच्या टेबलापेक्षाही महत्त्वाचं आहे. मावशींकडे विक्री प्रमाणपत्र किंवा महापालिकेचं शिफारसपत्र आहे का, पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्जयोजनेचा अर्ज त्यांनी केलाय का, हे विचारायला सांगा. 2020 पासून ही योजना आहे, आणि 2025 मध्ये पहिल्या हप्त्याचं कर्ज 10,000 वरून 15,000 रुपये झालं. वेळेवर फेडलं की पुढचा हप्ता मोठा मिळतो. आधार-मोबाइल जोडणीत आणि फॉर्ममध्ये अडकणाऱ्या बाईला, आयुष्य ऑफिसात कागद हाताळण्यात गेलेला माणूस सोबत असला तर बँकेत वेगळी वागणूक मिळते. हे असं असायला नको, पण आहे.

शेजाऱ्यांकडून पैसे घ्यायचा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय हे पत्रातून दिसतं. उपाय अगदी साधा: पाटी. काळ्या पाटीवर खडूनं, मोठ्या अक्षरात, वस्तू आणि भाव. "अळूची पानं, 10 ची जुडी, 20 रुपये." भाव लिहिलेला असला की तुम्हाला तोंडानं काही मागावं लागत नाही आणि समोरच्यालाही विचारायचा संकोच राहत नाही. तरीही पहिल्या दिवशी कोणीतरी हसत म्हणेल, "अगंबाई, आता आमच्याकडूनही पैसे?" तेव्हा तुम्हीही हसा आणि म्हणा, "टेबलावरचं विकायचं आहे हो. आतलं तुमचंच आहे, संध्याकाळी चहाला या." आणि खरंच आतलं वेगळं ठेवा. शेजारच्या आजींच्या देवपूजेची दोन फुलं, कोणाच्या घरी आजारपण असेल तर कढीपत्त्याची डहाळी, हळदीकुंकवाचा गजरा, हे बंद करू नका. फक्त ते टेबलावरून उचलून द्यायचं नाही. एकदा टेबलावरून फुकट गेलं की दुसऱ्या दिवशी भाव कोणालाच पटत नाही.

पहाटेच्या जास्वंद-चोरांचं काय? आकडीची काठी आणि खिशात पिशवी घेऊन फिरणारे ते काका प्रत्येक कॉलनीत असतात. देवासाठी नेतो म्हटलं की चोरी होत नाही असं त्यांचं शास्त्र. भांडू नका, आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडून घ्या. उद्या उमलणारी जास्वंदीची कळी ओळखू येते, लांब होऊन रंग बाहेर दिसायला लागतो. ती गार जागी ठेवली की सकाळी घरात उमलते. मग साडेसहाला टेबलावर "जास्वंद, 5 फुलं, 10 रुपये". काका थबकतील. बहुतेक वेळा विकतही घेतात. संकष्टीला तर हमखास.

सूनबाईंना म्हणावं, इन्स्टाग्राम नंतर. सहा जुड्या अळूसाठी अख्खं जग कशाला हवं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ॲडमिनला विचारून, आदल्या रात्री एक ओळ: उद्या काय आहे आणि किती आहे. रोज टाकू नका, लोक वैतागतात. आठवड्यातून दोन-तीन वार ठरवून घ्या, तेही सकाळी साडेसहा ते आठ. बाग रोज तोडली की झाड बसतं, आणि तुम्हीही. क्यूआर कोडची पाटी ठेवा पण विक्री संपली की आत न्या. बाहेर राहिलेल्या पाटीवर दुसऱ्याचा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात.

यातून मिळेल किती? वीसच्या दहा जुड्या गेल्या तर दोनशे, त्यातून खत, दोरा, रोपं वजा करा. पगार होणार नाही. दिवाळीला कामवालीचा बोनस आणि बागेचा वर्षाचा खर्च निघाला तर उत्तम चाललंय असं समजा. एक वही मात्र ठेवा, काय उरलं ते लिहायला. विकलं गेलेलं लक्षात राहतंच. तीन वेळा उरलेली वस्तू टेबलावरून काढून टाका, कितीही लाडकी असली तरी.

शेवंतीचे शेंडे खुडताय ना? आता खुडलेत तर थंडीत झुडूप भरून फुलेल, आणि ती फुलंही मावशींनाच द्या, गजऱ्याला आणि वेणीला लागतात. आणि श्रावणातल्या पहिल्या शनिवारसाठी मोकळ्या प्लॉटवरून रुईची पानं तोडाल तेव्हा चीक डोळ्याला लागू देऊ नका, त्यानं डोळ्याला खरी इजा होते. साबणानं हात धुवेपर्यंत चष्म्यालासुद्धा हात लावू नका.